मातृभूमी, पितृभूमी, वतन, मुलूख : आपल्या देशासाठी कोणत्या भाषेतला कोणता शब्द?

रत्नागिरीतील एका नवोदित अनुवादिकेचा प्रश्न असा आहे : जर्मन, रशियन, पोर्तुगीज आणि उर्दू लेखकांचे उतारे मराठीत आणताना ‘आपला देश’ या अर्थाच्या शब्दासाठी त्यांनी सर्वत्र ‘मातृभूमी’ असे लिहिले. संपादकांनी जर्मन उताऱ्यात ‘पितृभूमी’ करण्यास सांगितले, कारण मूळ शब्दात आई नसून बाप आहे. यांपैकी योग्य काय, आणि जगातील इतर भाषा आपल्या देशाला आई म्हणतात की बाप, असे त्यांनी विचारले आहे.

अनुवाद करण्यात आणि इतरांचे अनुवाद तपासण्यात आयुष्याचा बराच काळ गेल्यावर माझे मत असे झाले आहे की आई की बाप हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली ही की बोलणारा माणूस त्या भूमीवर आपले नाते कशाच्या बळावर सांगतो आहे : तिथे जन्मलो म्हणून, ती वाडवडिलांकडून आली म्हणून, तिथे राहतो म्हणून, की तिथला नागरिक आहे म्हणून. दुसरी ही की त्याच्या मनातली भूमी केवढी आहे, एका वाडीएवढी की सबंध राष्ट्राएवढी. या दोन गोष्टी कळल्या की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप सुचतो, आणि तो फार क्वचित ‘मातृभूमी’ असतो.

तरीही आधी संपादकांच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो चुकीचा नाही, अपुरा आहे. लॅटिनमधील ‘पात्रिया’ हा शब्द बाप या अर्थाच्या ‘पातेर’वरून आला, आणि पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन भाषांनी तो जवळजवळ तसाच ठेवला, फ्रेंचमध्ये त्याचे ‘पात्री’ झाले. जर्मनचा ‘फाटरलांट’, डच भाषेतील ‘फादरलांट’, फिनिशमधील ‘इसान्मा’ यांचा अर्थ शब्दशः बापाची भूमी असाच होतो. पण लॅटिन ‘पात्रिया’ व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे बापावरून घडलेल्या या शब्दाला स्पॅनिश माणूस निःसंकोचपणे ‘माद्रे पात्रिया’, म्हणजे ‘आई पितृभूमी’, असे म्हणतो आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटत नाही. फ्रान्स आपल्या प्रजासत्ताकाचे चित्र स्त्रीच्या रूपात काढतो. जर्मनीचा शब्द बापाचा असला तरी एकोणिसाव्या शतकातील चित्रांत दिसणारी ‘गेर्मानिया’ ही स्त्रीच आहे. शब्दाचा धातू, शब्दाचे लिंग आणि लोकांच्या मनातील प्रतिमा या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जातील असे गृहीत धरता येत नाही.

रशियन भाषेत हे अधिक स्पष्टपणे दिसते, कारण तिथे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. ‘अतेचेस्त्वो’ हा बापावरून आलेला शब्द आहे, आणि ‘रोदिना’ हा कूळ व जन्म या अर्थाच्या ‘रोद’वरून आला आहे. १८१२ साली नेपोलियनशी झालेल्या युद्धाला आणि १९४१ ते १९४५ या काळातील जर्मनीविरुद्धच्या युद्धाला जी अधिकृत नावे मिळाली, ती पहिल्या शब्दावरून आली. पण त्याच १९४१ साली इराकली तोइद्झे यांनी काढलेल्या प्रसिद्ध भित्तिपत्रकावर हातात शपथेचा कागद घेऊन उभी असलेली स्त्री आहे आणि तिच्यासोबतचे शब्द आहेत ‘रोदिना-माता बोलावते आहे’. व्होल्गोग्राडच्या टेकडीवर १९६७ साली उभारलेला ८५ मीटर उंचीचा पुतळाही याच रोदिना-मातेचा आहे. शासनाच्या नोंदीत बापाचा शब्द आणि हाकेत आईचा शब्द, अशी ही विभागणी आहे. एकाच उताऱ्यात हे दोन्ही शब्द आले तर दोन्हीकडे ‘मातृभूमी’ लिहिल्याने लेखकाने जाणून केलेला भेद पुसला जातो. अशा ठिकाणी मी ‘अतेचेस्त्वो’साठी ‘स्वदेश’ किंवा नुसते ‘देश’ आणि ‘रोदिना’साठी ‘मायभूमी’ घेतो.

‘पितृभूमी’बाबत माझी हरकत वेगळी आहे. मराठी वाचकाला ‘पितृ’ म्हटले की पितृपक्ष, पितृऋण, पितर आठवतात. म्हणजे हयात वडील नव्हे, तर गेलेली माणसे आठवतात. शिवाय या शब्दाला आपल्याकडे विशिष्ट इतिहास आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या समुद्रकिनारी लिहिलेल्या कवितेत सागराला ‘मातृभूमी’कडे परत नेण्याची विनवणी केली, आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हिंदू कोण याची व्याख्या करताना मात्र ‘पितृभू’ आणि ‘पुण्यभू’ ही पदे वापरली. भावना सांगताना आई आणि वारसा सांगताना पिता, ही निवड एकाच लेखकाने केलेली आहे. त्यामुळे एखाद्या जर्मन शिक्षकाच्या साध्या आठवणीत ‘पितृभूमी’ आली, तर वाचक त्याला त्या वैचारिक वादाच्या संदर्भात वाचण्याची शक्यता असते. जर्मन लेखक जिथे बापाच्या कल्पनेवरच काही म्हणत असेल, उदाहरणार्थ २०१८ साली जर्मन राष्ट्रगीतातील ‘फाटरलांट’ काढून तिथे ‘हाइमाटलांट’, म्हणजे आपल्या घराची भूमी, घालावा असा प्रस्ताव आला होता त्या चर्चेत, तिथे ‘पितृभूमी’ हाच शब्द हवा. एरवी ‘देश’ किंवा ‘स्वदेश’ पुरेसा होतो.

आईच्या शब्दातही एक सापळा आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला तो फार जवळचा आहे. वसाहतींच्या काळात ‘मदर कंट्री’ याचा अर्थ वसाहतीतल्या माणसाची जन्मभूमी असा नव्हता, तर वसाहत करणारा देश असा होता. लॅटिन अमेरिकेतील लेखक ‘माद्रे पात्रिया’ म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा स्पेन अभिप्रेत असतो. पोर्तुगालने १९५१ साली घटनादुरुस्ती करून गोव्याला वसाहत म्हणणे सोडले आणि ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले. त्यानंतरच्या अधिकृत लेखनात ‘पात्रिया’ हा शब्द येतो तेव्हा त्यात लिस्बनही असते आणि मडगावही असते. त्याच वर्षांत एखाद्या गोमंतकीय स्वातंत्र्यसैनिकाने पोर्तुगीजमध्ये लिहिताना तोच शब्द वापरला, तर त्याच्या मनात गोवा किंवा भारत असू शकतो. गोव्याच्या सीमेवरील तेरेखोलच्या अलीकडे बसून हे उतारे मराठीत आणताना दोघांच्याही तोंडी ‘मातृभूमी’ घातली, तर ज्या शब्दावरून संघर्ष चालला होता तोच अदृश्य होतो. अधिकाऱ्याच्या वाक्यात ‘पोर्तुगाल’ किंवा ‘पोर्तुगीज राष्ट्र’ असे स्पष्ट लिहावे.

आता ‘वतन’. या शब्दावर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण मराठी माणसाइतका तो आतून ओळखणारे लोक थोडेच आहेत. अरबीत ‘वतन’चा मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण एवढाच होता. त्याला राष्ट्राचा अर्थ प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात चिकटला. १८७३ साली इस्तंबूलमध्ये नामिक केमाल यांच्या ज्या नाटकानंतर त्यांना हद्दपार केले गेले, त्याच्या शीर्षकातच ‘वतन’ आहे. उर्दूत आणि हिंदीत तो देशप्रेमाचा शब्द झाला. मराठीत मात्र तोच शब्द जमिनीवरच्या आणि कामावरच्या वंशपरंपरागत हक्काकडे गेला : पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, महार वतन. ब्रिटिश सरकारने १८७४ साली या वतनांसाठी कायदा केला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, कारण गावाची सर्व पडेल ती कामे करायला लावणारे ते वतन म्हणजे बंधन होते. आणि कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. आपल्या रत्नागिरी भागात खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, हक्कांचा प्रश्न याच अंगाचा होता. त्याविरुद्धही आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक आणले आणि खोती १९४९ च्या कायद्याने संपली. तेव्हा ‘वतनासाठी प्राण दिला’ हे वाक्य अठराव्या शतकातील मराठी कागदात वाचले तर तो माणूस देशासाठी मेला असे समजता येत नाही. तो बहुधा गावच्या पाटीलकीच्या भाऊबंदकीत मेलेला असतो.

पोलिश भाषेतील ‘ओइचिझ्ना’ या शब्दाने नेमका असाच प्रवास केला आहे. बाप या अर्थाच्या शब्दावरून तो आला, पण जुन्या पोलिशमध्ये त्याचा अर्थ बापाकडून आलेली मालमत्ता, म्हणजे आपण ज्याला वडिलोपार्जित इस्टेट म्हणतो ती, असा होता. देश हा अर्थ पुढे आला. जर्मन ‘हाइमाट’ही दक्षिणेकडील बोलींत घर आणि शेतजमीन यांचा शब्द होता. म्हणजे ज्याला जमीन होती त्याचाच देश होता, असा एक काळ या शब्दांत साठलेला आहे. हे ध्यानात ठेवले की खोताची जमीन कुळाने कसणाऱ्या माणसाने ‘आमचा गाव’ म्हणणे आणि खोताने ‘आमचा गाव’ म्हणणे यांतला फरकही ऐकू येतो. उर्दू कवितेतला ‘वतन’ मराठीत तसाच ठेवावा की नाही याचे उत्तर यातून मिळते : आजचा वाचक गाण्यांमुळे तो समजतो, म्हणून कवितेत तो ठेवता येतो, ऐतिहासिक गद्यात मात्र तिथे ‘देश’च लिहावा, नाहीतर मराठी वाचकाचा पाय हमखास घसरतो.

भूमीच्या आकाराचा मुद्दा कोकणात समजावून सांगणे सोपे आहे, कारण इथे ‘देश’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडचे पठार म्हणजे देश. ‘देशावर गेलो’ म्हणणारा माणूस कराडला किंवा कोल्हापूरला गेलेला असतो, आणि देशस्थ म्हणजे कोकणस्थ नव्हे तो. कोकणी माणसाच्या जुन्या बोलण्यात देश ही आपली जागा नाही, ती घाट चढून जाण्याची जागा आहे. आपल्या जागेसाठी तो ‘गाव’ म्हणतो. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत राबणारा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला ‘गावाक’ जात असे, आणि त्या एका शब्दात घर, ग्रामदैवत, पालखी, मानपान, भावकी आणि राखणदार एवढे सगळे येई. गाऱ्हाण्यात देवासमोर उभे राहून बाहेरगावी गेलेल्या लेकरांची काळजी मागितली जाते आणि सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात, ते याच गावाच्या हद्दीत उभे राहून. बंगालीत उलट ‘देश’ हाच शब्द वडिलांच्या मूळ गावासाठी चालतो; कोलकात्यात पिढ्या गेलेल्या माणसालाही ‘तुमचा देश कुठे’ असे विचारले की तो एखाद्या खेड्याचे किंवा जिल्ह्याचे नाव सांगतो, आणि १९४७ नंतर पुष्कळांचे ते खेडे दुसऱ्या राष्ट्रात गेले. तुर्की माणूस ‘मेमलेकेत’ कुठला असे विचारतो तेव्हाही त्याला गाव किंवा प्रांत हवा असतो. हा शब्द आणि आपला ‘मुलूख’ एकाच अरबी धातूतून निघालेले आहेत. मूळ अर्थ राज्यसत्तेचा असून दोन्ही शब्द सामान्य माणसाच्या गावापर्यंत उतरले, म्हणून तुर्की ‘मेमलेकेत’ला मराठीत ‘मुलूख’ इतका चांगला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

हा भेद नवा नाही. रोमन वक्ता सिसेरो याने म्हटले होते की माणसाला दोन पात्रिया असतात, एक निसर्गाने दिलेली आणि एक नागरिकत्वाने मिळालेली. त्याची पहिली अर्पिनुम हे छोटे गाव आणि दुसरी रोम. एकच शब्द दोघांना लावून तो कोणती मोठी हे सांगतो, पण पहिलीला नाकारत नाही. जपानीत यासाठी शब्दच वेगळे आहेत : पूर्वजांचा देश तो ‘सोकोकु’, मातेचा देश तो ‘बोकोकु’, आणि ज्या गावाची आठवण येते ते ‘फुरुसातो’. ‘फुरुसातो’ला मातृभूमी म्हणणे ही मला अनुवादात वारंवार आढळणारी चूक आहे, तिथे ‘गाव’ हवा, आणि वाक्य मालवणी वळणाचे असेल तर ‘आपलो गाव’ हवा.

कागदपत्रांत तर हा भेद कायद्याचा होतो. स्वित्झर्लंडच्या पारपत्रावर जन्मस्थानाऐवजी ‘हाइमाटओर्ट’ छापलेले असते, म्हणजे कुटुंबाचे नागरिकत्व ज्या गावाच्या नोंदीत आहे ते गाव. त्या गावात तो माणूस कधी गेलेलाही नसतो. चिनी अर्जांत ‘जीग्वान’ हा रकाना येतो आणि त्यात साधारणपणे आजोबांचे गाव लिहिले जाते. या दोन्हींसाठी ‘जन्मठिकाण’ लिहिणे चूक आहे आणि ‘मूळ गाव’ लिहिणे बरोबर आहे. भांडुपमध्ये जन्मलेली मुलगी शाळेच्या अर्जावर ‘मूळ गाव : ता. लांजा’ असे लिहिते, तिला हा रकाना कोणी समजावून द्यावा लागत नाही.

जन्मावरून आलेल्या शब्दांत हिब्रूचा ‘मोलेदेत’ मला महत्त्वाचा वाटतो, कारण कोकणाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आला. जन्म देणे या अर्थाच्या धातूवरून तो घडला आहे. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएली, म्हणजे इथले ज्यू, लोक शतकानुशतके तेल गाळून आणि मराठी बोलून इथे राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य इस्राएलला गेले. तिथे गेल्यावर धर्माने आणि नव्या नागरिकत्वाने इस्राएल हीच त्यांची भूमी झाली, पण पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे त्यांच्यासोबत गेली, आणि तिथून निघणाऱ्या मराठी नियतकालिकाचे नाव ‘मायबोली’ असे आहे. अशा माणसाच्या आठवणीत ‘मोलेदेत’ आला, तर तो इस्राएल आहे की नवगाव, हे वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मॉरिशसमधील मराठी वंशजांबाबत उत्तर उलट बाजूने स्पष्ट आहे. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले. १९६८ पासूनच्या त्यांच्या राष्ट्रगीताचे नावच ‘मदरलँड’ आहे आणि ती भूमी मॉरिशस आहे. त्यांच्या लेखनात भारतासाठी ‘पूर्वजांचा देश’ हा शब्द घ्यावा. आपल्या प्रेमापोटी त्यांच्या तोंडी भारताला ‘मातृभूमी’ म्हणवून घेणे हे त्यांच्या नागरिकत्वाविषयीचे विधान होते, आणि ते करण्याचा अधिकार अनुवादकाला नाही.

समुद्राकाठच्या भाषांतील शब्द मात्र मी केवळ आनंदाने सांगतो. इंडोनेशियात मायदेशाला ‘तानाह आइर’ म्हणतात, म्हणजे ‘माती आणि पाणी’. व्हिएतनामी भाषेतही देशाचा शब्द माती आणि पाणी मिळून झाला आहे आणि त्यातील पाण्याचा शब्द एकट्यानेसुद्धा ‘देश’ या अर्थी चालतो. हवाई बेटांवर जन्मभूमीला ‘ओने हानाउ’ म्हणतात, म्हणजे जन्माची वाळू. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘फेनुआ’ याचा अर्थ जमीन असाही होतो आणि बाळंतपणात पडणारी वार असाही होतो, आणि बाळाची वार आपल्या कुळाच्या जमिनीत पुरण्याची चाल तिथे आहे. हा शब्द पहिल्यांदा वाचताना मराठी माणसाला परका वाटत नाही, कारण ‘माझी नाळ इथे पुरली आहे’ हे आपण आजही म्हणतो. ‘फेनुआ’ असलेल्या वाक्यात एका शब्दाचा आग्रह सोडून ही मराठी शब्दयोजना पूर्णपणे वापरावी.

राहिला ‘मातृभूमी’ हा शब्द. अथर्ववेदातील ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’ या वचनात आई आहे, पण ती सबंध पृथ्वी आहे, एखादे राष्ट्र नव्हे. देश हीच देवतारूप आई ही प्रतिमा बंकिमचंद्रांच्या १८८२ सालच्या कादंबरीतील ‘वंदे मातरम्’ने आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या १९०५ च्या चित्राने सर्वदूर नेली. म्हणून मराठीत ‘मातृभूमी’ म्हटले की त्यामागे स्वातंत्र्यलढ्याचा सूर लागतो, आणि जिथे मूळ लेखनात तो सूर असेल तिथेच तो लावावा. ‘मायदेश’ हा दूर असलेल्या माणसाचा शब्द आहे : १८८६ साली रत्नागिरीत आणलेला आणि १९१६ साली इथेच मरण पावलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा याच्याविषयी ‘त्याला मायदेशी परतता आले नाही’ हेच वाक्य सहज उमटते. ‘स्वदेश’ हा परक्याच्या विरुद्ध उभा राहणारा शब्द आहे, आणि ‘जन्मभूमी’ला मराठीत ‘कर्मभूमी’ची सोबत लागते, ती नसेल तर तो शब्द सत्काराच्या भाषणासारखा ऐकू येतो.

तेव्हा आपल्या चार उताऱ्यांपुरते सांगायचे तर, जर्मन उताऱ्यात लेखक सैन्यात भरती झाल्याचे सांगतो तिथे ‘देश’ लिहावा आणि संपादकांना ‘पितृभूमी’ का टाळली ते कळवावे. तोच लेखक पुढे ‘हाइमाट’ म्हणतो तिथे ‘गाव’ किंवा ‘मुलूख’ घ्यावा. रशियन उताऱ्यातील दोन शब्दांना दोन मराठी शब्द ठरवून ते शेवटपर्यंत बदलू नयेत. पोर्तुगीज उताऱ्याचे वर्ष आणि लिहिणाऱ्याचे पद पाहिल्याशिवाय ‘पात्रिया’ला हात लावू नये. उर्दू उतारा गझल आहे. त्यात ‘वतन’ तसाच राहू द्यावा, कारण तिथे मात्रा आणि यमक दोन्ही त्या शब्दावर उभे आहेत.